गाडीचा मेंदू बदलायचा कोणी? कार्ब्युरेटरपासून ईसीयूपर्यंतची गोष्ट

नेहमीप्रमाणे ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. लोकलच्या गर्दीत इअरफोन निसटला आणि मधलं काही सुटलं असेल, तर तेही इथे सापडेल.

आजचा विषय एका छोट्या डब्याचा आहे. जेमतेम टिफिनएवढा ॲल्युमिनियमचा डबा, आत एक सर्किट बोर्ड आणि बाहेर भरपूर पिनांचा सॉकेट. त्याला ईसीयू म्हणतात, म्हणजे इंजिन कंट्रोल युनिट. इंजिनात पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी नेमकी कधी पाडायची, हे सेकंदाला अनेक वेळा ठरवणारा हा कॉम्प्युटर. तो बिघडला की इंजिन, टायर, बॅटरी सगळं ठणठणीत असूनही गाडी जागची हलत नाही. आणि मग गॅरेजवाला स्कॅनर काढून बाजूला ठेवतो आणि म्हणतो, "साहेब, ईसीयू गेलाय."

या एका वाक्यामागे पन्नासेक वर्षांचा इतिहास आहे. त्यात लॉस एंजेलिसचा धूर आहे, मुंबईचं हायकोर्ट आहे, डोंबिवलीचा एक बंद पडलेला कारखाना आहे, २६ जुलैचा पूर आहे आणि शेवटी एक साधा प्रश्न आहे: मी पैसे मोजून घेतलेली गाडी दुरुस्त करायचा हक्क नक्की कोणाचा?

कानाने चालणारं गॅरेज

सुरुवात घराजवळूनच करू. कल्याण-शिळ रस्त्याने डोंबिवलीच्या बाजूला गेलात की एका परिसराला लोक अजूनही 'प्रीमियर' म्हणतात. रिक्षावाल्याला 'प्रीमियर मैदान' सांगितलं की पुरतं. आजूबाजूला आता टॉवर उभे राहिलेत, त्यामुळे नव्याने राहायला आलेल्यांना ते नाव कुठून आलं हे माहीत नसतं. ते आलं प्रीमियर ऑटोमोबाइल्सवरून. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेली ही कंपनी. तिचा मुख्य कारखाना कुर्ल्याला होता आणि दुसरा इथे, आपल्या कल्याण-डोंबिवलीत. १९९०च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी भागीदारी करून 'प्यूजो ३०९' ही गाडी इथेच बनायची. पुढे कामगारांचा संप झाला, भागीदारी मोडली आणि नव्या शतकाच्या तोंडावर तो सगळा पसारा आवरला.

पण प्रीमियरचं नाव अजरामर केलं ते कुर्ल्याच्या पद्मिनीने. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. १०८९ सीसीचं इंजिन आणि त्यावर कार्ब्युरेटर. कार्ब्युरेटर म्हणजे पूर्णपणे यांत्रिक वस्तू. इंजिन हवा आत ओढतं, त्या हवेच्या वेगाने बारीक छिद्रातून पेट्रोल खेचलं जातं आणि दोन्ही मिसळून आत जातं. त्यात ना वायर, ना चिप. थंडीत चोक ओढायचा, जेटमध्ये कचरा अडकला तर फुंकर मारून काढायचा, पॉइंट काळे पडले तर पॉलिश पेपरने घासायचे. ट्युनिंग करताना मिस्त्री बॉनेटवर वाकून, मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकायचा आणि स्क्रू पाव आटा फिरवायचा. गाडीचं सगळं ज्ञान त्याच्या कानात आणि बोटांत होतं. त्याला कंपनीकडून काही विचारायची गरज नव्हती.

अशी शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली. टॅक्सीला वयोमर्यादा २० वर्षांची, त्यामुळे ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. तेव्हा सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, रील बनवले. पण तिच्यासोबत दुरुस्तीची एक आख्खी पद्धतच गेली, याची चर्चा फारशी झाली नाही.

धुराने आणलेला कॉम्प्युटर

आता मला सांगा, इतकी साधी वस्तू चालत असताना त्यात कॉम्प्युटर घुसवायची गरज कोणाला पडली? गाडी वेगाने पळावी म्हणून, असं बहुतेकांना वाटतं. खरं कारण वेगळं आहे. धूर.

अमेरिकेत लॉस एंजेलिस शहर १९४०-५०च्या दशकांत धुरक्याने हैराण होतं. १९७० साली तिथे हवेबाबत कडक कायदा झाला आणि १९७५च्या मॉडेलपासून गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले. कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेली एक जाळी. तिच्यावर प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंचा लेप असतो आणि तो विषारी वायूंचं रूपांतर करतो.

पण नंतर आलेला, तिन्ही प्रकारचे विषारी वायू एकाच वेळी साफ करणारा कन्व्हर्टर भारी नखरेल निघाला. एक भाग पेट्रोल आणि त्याला १४.७ भाग हवा, हे वजनाचं प्रमाण जवळजवळ तंतोतंत असेल तरच तो नीट काम करतो. चढावर, सिग्नलला, पावसात, एसी चालू असताना हे प्रमाण सारखं बदलत राहतं. ते दर क्षणाला सांभाळणं कार्ब्युरेटरला जमणारं नव्हतं. त्यासाठी धुरात किती ऑक्सिजन उरलाय हे मोजणारा सेन्सर हवा आणि त्याचं ऐकून पेट्रोल कमी-जास्त करणारा कोणीतरी हवा. तो 'कोणीतरी' म्हणजे ईसीयू.

फोक्सवॅगनने १९६७ सालीच एका गाडीत बॉशची इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन प्रणाली बसवली होती. व्होल्वोने १९७६च्या सुमाराला ऑक्सिजन सेन्सर आणला. १९७९ साली बीएमडब्ल्यूमध्ये बॉशचं 'मोट्रॉनिक' आलं, ज्यात पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही एकाच डिजिटल डब्याच्या ताब्यात होती. आजच्या ईसीयूचा हा आजोबा.

आपल्याकडे ही गाडी उशिरा पोचली. १९९१ साली पेट्रोल गाड्यांच्या धुरासाठी पहिले नियम आले. १९९५ साली मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आणि नव्या गाड्यांना कन्व्हर्टर आला. शिसेविरहित का? तर शिसं कन्व्हर्टरच्या लेपावर बसून त्याला निकामी करतं. त्यानंतर कोर्टांनी वेग धरायला लावला. एप्रिल १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरासाठी युरो नियमांच्या तारखा ठरवून दिल्या. त्याच वर्षी मुंबईत धुराने त्रासलेल्या नागरिकांच्या एका संघटनेने बॉम्बे हायकोर्टात याचिका केली, त्यातून परिवहन आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली लाल समिती नेमली गेली आणि जुन्या टॅक्सी-रिक्षा सीएनजीकडे वळवण्याची चर्चा सुरू झाली. २००१ साली मुंबईत भारत स्टेज-२ लागू झालं.

तुमच्या बाबांच्या पिढीला याच काळातलं एक अक्षरनाम नक्की आठवत असेल: एमपीएफआय. गाडीच्या मागे स्टिकर लावून मिरवायचे लोक! अगदी मारुती ८००मध्येही २०००च्या सुमारास ते आलं. स्टिकर चार अक्षरांचं होतं, पण त्याचा अर्थ असा की कार्ब्युरेटर गेला आणि डॅशबोर्डखाली एक डबा बसला.

पुढचा टप्पा तुमच्या स्वतःच्या पार्किंगमध्ये उभा आहे. एप्रिल २०२० मध्ये देशभर भारत स्टेज-६ लागू झालं आणि स्कूटर, बाइक, नव्या रिक्षा यांच्यातही सर्रास इंजेक्शन आलं. म्हणजे २०२० नंतर घेतलेली पेट्रोलची स्कूटर चालवत असाल, तर तुम्ही सीटखाली एक कॉम्प्युटर घेऊन फिरताय.

यातली एक गोष्ट मी मुद्दाम ठासून सांगतो. हा डबा आपल्या हवेसाठी आला आणि त्याने आपलं काम केलं. जुन्या टॅक्सीच्या मागे उभं राहून डोळे चुरचुरण्याचा अनुभव ज्यांनी घेतलाय, त्यांना हे पटवून द्यावं लागणार नाही. 'जुनं ते सोनं' म्हणत मी कार्ब्युरेटरच्या आरत्या ओवाळणार नाही.

पाणी आणि डबा

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. बातम्यांत मुंबई जास्त दिसली, पण कल्याण, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात उल्हास आणि वालधुनीच्या काठच्या वस्त्यांचं काय झालं, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. तळमजले गेले आणि पार्किंगमधल्या गाड्याही गेल्या.

पद्मिनी पाण्यात बुडाली की मिस्त्री प्लग काढायचा, ऑइल बदलायचा, कार्ब्युरेटर धुऊन वाळवायचा आणि बहुतेक वेळा ती खोकत-खोकत चालू व्हायची. इलेक्ट्रॉनिक गाडीचं तसं नसतं. अनेक गाड्यांमध्ये ईसीयू डाव्या सीटच्या पायाशी किंवा डॅशबोर्डखाली असतो, म्हणजे घरात शिरलेलं पाणी आधी जिथे पोचतं तिथेच. बोर्डवर पाणी चढलं आणि बॅटरी जोडलेलीच राहिली, की तांब्याच्या बारीक रेषा हिरव्या पडून खाल्ल्या जातात. कधी गाडी लगेच मरते. कधी वाळल्यावर छान चालते आणि तीन महिन्यांनी भर उड्डाणपुलावर बंद पडते. हा दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तोवर पूर कोणाच्या लक्षातही नसतो.

२०१९च्या २७ जुलैला वांगणीजवळ पुरात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस सगळ्यांना आठवते. त्या दिवशी याच खोऱ्यात किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या, त्याची आठवण मात्र फक्त गॅरेजवाल्यांना आहे.

'ईसीयू गेलाय' म्हणजे काय?

आता थोडं गॅरेजमध्ये जाऊ. या भागासाठी मी ठाणे आणि डोंबिवलीतल्या काही मेकॅनिक मंडळींशी बोललो. सगळ्यांचं पहिलं म्हणणं एकच: ईसीयू गेलाय असं वाटणाऱ्या बऱ्याच गाड्यांमध्ये ईसीयू बिचारा धडधाकट असतो. बॅटरी कमजोर असते, अर्थिंगची वायर गंजलेली असते, फ्यूज किंवा रिले गेलेला असतो. पावसाळ्यात बॉनेटखाली ऊब शोधत आलेले उंदीर वायरिंग कुरतडतात, हा तर आपल्याकडचा ठरलेला कार्यक्रम. आणखी एक गंमत आहे. बऱ्याच सेन्सरना ईसीयू पाच व्होल्टचा पुरवठा करतो. त्यातला एक सेन्सर शॉर्ट झाला, तर तो पुरवठाच खाली बसतो आणि सगळा डबाच मेल्यासारखा वाटतो. म्हणून चांगला मेकॅनिक आधी डब्याला वीज आणि अर्थ नीट मिळतोय का ते मीटरने मोजतो, एकेक सेन्सर काढून पाहतो आणि मगच डब्याकडे बोट दाखवतो.

स्कॅनरवर पी-०६०१ किंवा पी-०६०६ असे कोड आले, तर मात्र संशय बळावतो. पहिला सांगतो की डब्याच्या स्मृतीत गडबड आहे, दुसरा सांगतो की प्रोसेसरच बिनसलाय. आणि स्कॅनरला ईसीयू उत्तरच देत नसेल, तर पुन्हा वायरिंगपासून सुरुवात.

समजा डबा खरंच गेला. मग तीन वाटा. पहिली, तो उघडून दुरुस्त करायचा: गंज साफ करायचा, जळालेला भाग बदलायचा, तुटलेली सोल्डरिंग पुन्हा मारायची. दुसरी, कंपनीकडून नवीन घ्यायचा. तिसरी, भंगारात निघालेल्या त्याच मॉडेलच्या गाडीतून काढलेला, पार्ट नंबर तंतोतंत जुळणारा डबा आणायचा.

पण दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेवर एक कुलूप आहे. डबा नुसता बसवून गाडी चालू होत नाही. किल्लीत एक चिप असते, गाडीत इमोबिलायझर असतो आणि ईसीयू या दोघांना ओळखत असेल तरच इंजिनाला परवानगी देतो. नव्या डब्याला ही ओळख करून द्यावी लागते, त्या गाडीचा चॅसी नंबर आणि योग्य सॉफ्टवेअर भरावं लागतं. चोरी रोखायला ही चांगली सोय आहे, वाद नाही. पण ओळख करून देणारं अधिकृत सॉफ्टवेअर कोणाकडे असतं? कंपनीकडे आणि तिच्या सर्व्हिस सेंटरकडे. बाहेरचे कारागीर मग जुन्या डब्याची स्मृती वाचून ती दुसऱ्या डब्यात जशीच्या तशी उतरवतात. याला क्लोनिंग म्हणतात. म्हणून एक गोष्ट लिहून ठेवा: मेलेला ईसीयू कधीही भंगारात टाकू नका. आतल्या स्मृतीत तुमच्या गाडीची ओळख असते आणि ती वाचता आली, तर खर्च खूप वाचू शकतो.

धुरासाठी उघडं दार, दुरुस्तीसाठी बंद

इथे आपण आजच्या मुद्द्यापाशी आलो.

स्टिअरिंगखाली जो १६ पिनांचा सॉकेट असतो, ज्याला ओबीडी पोर्ट म्हणतात, तोही धुरानेच दिलेला. १९९६ पासून अमेरिकेत सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना तो सारखा असणं सक्तीचं झालं. आपल्याकडे ही पद्धत २०१० ते २०१३ दरम्यान टप्प्याटप्प्याने आली. त्यामुळे आज स्वस्तातलं ब्लूटूथ यंत्र लावून तुम्ही मोबाइलवरही कोड वाचू शकता. पण नीट बघा: कायद्याने सगळ्यांसाठी खुली केली ती धुराशी संबंधित माहिती. डबा बदलणं, किल्ली जोडणं, सॉफ्टवेअर भरणं यासाठीचं दार कंपनीच्या मर्जीवर राहिलं. रोग काय आहे ते गल्लीतल्या डॉक्टरला कळतं, औषध द्यायची परवानगी मात्र नाही.

हे बोचायला लागलं आणि २०११ साली एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. मोटार कंपन्या मूळ सुटे भाग आणि दोष शोधण्याची यंत्रं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, असं त्याचं म्हणणं. तीन कंपन्यांवरची तक्रार तपासात पसरत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्यांनी सुरक्षिततेचं आणि नकली मालाचं कारण पुढे केलं होतं. आयोगाचं म्हणणं साधारण असं: गाडी घेताना ग्राहकाला चार पर्याय असतात, पण एकदा ती घेतली की सुट्या भागांसाठी तो त्याच कंपनीच्या दाराशी बांधला जातो. तेव्हा भाग आणि यंत्रं खुल्या बाजारात मिळाली पाहिजेत. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण पुढे लांबलं.

असाच झगडा बाहेरही चालू होता. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली लोकांनी थेट मतदान करून गाडी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा आणला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. तिच्यापुढच्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारं, मोबाइल आणि घरगुती उपकरणांसोबत वाहनंही आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी एक सरकारी पोर्टलही सुरू झालं.

"पण दार उघडलं तर लोक सॉफ्टवेअरशी खेळतील, धूर वाढेल," असा आक्षेप येतो. तो खोटा नाही. पिकअप वाढवायला मॅपिंग बदलून देणारे आहेतच. पण सप्टेंबर २०१५ आठवा. फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांमध्ये चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअर ठेवलं होतं, हे उघडकीला आलं. पुण्याच्या एआरएआयने केलेल्या तपासणीनंतर भारतातही तीन लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ही लबाडी गल्लीतल्या मेकॅनिकने केली नव्हती. ती कुलूपबंद डब्यात, किल्ली कंपनीकडेच असताना झाली होती. डबा बंद ठेवला म्हणजे हवा आपोआप स्वच्छ राहते, हे त्या दिवशी निकालात निघालं.

मग आपलं काय?

आमच्या ओळखीचे एक काका कल्याणच्या मार्केटमधून भाजीचा टेम्पो चालवतात. त्यांचा टेम्पो पहाटे तीनला निघतो. त्या टेम्पोचा ईसीयू गेला तेव्हा 'नवीन मागवावा लागेल, किती दिवस लागतील सांगता येत नाही' असं उत्तर मिळालं. ऑफिसला जाणारा माणूस अशा वेळी रिक्षा पकडतो. काकांचा तर धंदाच बंद, हप्ता मात्र चालू. शेवटी डोंबिवलीतल्या एका तरुण कारागिराने जुना डबा उघडून, गंज काढून, दोन भाग बदलून तो चालू करून दिला. त्या मुलाच्या वडिलांचंही गॅरेज होतं. वडील आवाज ऐकून ट्युनिंग करायचे, मुलगा मायक्रोस्कोपखाली सोल्डरिंग करतो. ज्ञान मेलेलं नाही, कानातून डोळ्यांत गेलंय, एवढंच. ते टिकायचं की नाही, हे त्याच्या हुशारीवर कमी आणि त्याला अधिकृत माहिती मिळते की नाही यावर जास्त अवलंबून आहे.

म्हणून जाता जाता तीन कामाच्या गोष्टी. एक, गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर स्टार्टर मारू नका. आधी बॅटरी काढा, मग गाडी टो करून न्या. दोन, कोणी 'ईसीयू बदला' म्हणालं तर विचारा: वीज आणि अर्थ मोजला का, कोड कोणता आला, सेन्सर काढून पाहिले का? तीन, बदललेला जुना डबा मागून घ्या. तो तुमचा आहे, पैसे तुम्ही मोजलेत.

इलेक्ट्रिक स्कूटर घेणाऱ्यांना वाटेल, आपली सुटका झाली. उलट आहे. तिथे बॅटरी सांभाळणारा कॉम्प्युटर आहे, मोटर सांभाळणारा आहे आणि दोघांची किल्ली पुन्हा कंपनीकडेच. म्हणजे हा प्रश्न पद्मिनीबरोबर संपलेला नाही, तुमच्या पिढीबरोबर तो मोठा होतोय. पुढची गाडी घेताना मायलेज आणि स्क्रीनच्या इंचांबरोबर शोरूमवाल्याला हेही विचारा: 'वॉरंटी संपल्यावर ही माझ्या गल्लीत दुरुस्त होईल का?' असं विचारणारे वाढले, की कंपन्यांना उत्तर तयार ठेवावं लागेल.

आज इथेच थांबतो. घरात कोणी पद्मिनी चालवली असेल, तर चोक ओढून ती चालू करण्याची कृती त्यांच्याकडून एकदा ऐकून ठेवा. भेटू पुढच्या भागात!